वरल्या आळीची उमेदवार

झुंबरमामाची गाडी कळस गावाहून निघाल्याची खबर आली तेव्हा छबूबाईने तिसऱ्यांदा डाळ शिजायला टाकली. सकाळपासून दोन पंगती उठल्या होत्या. पहिली तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे महिपतीआबाच्या माणसांची. दुसरी धाकट्या दिराच्या, जोतीरामतात्याच्या माणसांची. वाबळ्यांच्या घरातले हे दोन सख्खे भाऊ चिंचणगावच्या ग्रामपंचायतीत वरल्या आळीच्या एकाच जागेला उभे राहिले होते, आणि चूल मात्र अजून एकच होती. आबाची माणसं जाताना तात्याला शिव्या घालून गेली, तात्याची आबाला. भाकरी मात्र दोघांच्याही माणसांनी दाबून खाल्ली.

छबूबाई आणि तिची धाकटी जाऊ सिंधुबाई गेले दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण त्यांचं नव्हतंच. पण नवऱ्यांनी उभं राहायचं ठरवल्यापासून एकीने दुसरीशी हसून बोललं की रात्री नवरा विचारायचा, "काय फितुरी चाललीया?" त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. एक थापायची, दुसरी भाजायची, आणि मीठ हवं असलं की दोघीही भिंतीकडे बघून मागायच्या.

निवडणूक दिव्याची आणि पाण्याची होती.

दिवा आबाचा. वालचंदनगरच्या कॉलनीत वांगी-टोमॅटो घालायला तो दर आठवड्याला जायचा. तिथे एकदा संध्याकाळपर्यंत थांबला आणि साहेबलोकांच्या क्वार्टरांपुढचे दिवे एकदम पेटलेले त्याने पाहिले. तेव्हापासून त्याला गावात अंधार दिसायला लागला. त्याआधी पन्नास वर्षं दिसला नव्हता. त्याने पेट्रोमॅक्सची बत्ती आणली आणि प्रत्येक सभेला ती पेटवून पुढे ठेवू लागला. सभा भरदुपारीही असायच्या. उन्हात बत्ती पेटलेली आहे हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही, मग आबा एकेकाला जवळ बोलावून तिचा फुरफुर आवाज ऐकवायचा.

पाणी तात्याचं. तो बारामतीला साडूकडे चार दिवस राहून आला आणि येताना पितळेचा एक नळ घेऊन आला. मारुतीच्या पारावर एक वासा रोवून त्याने त्याला तो नळ तारेने बांधला होता. "आसं फिरवलं की पानी. आसं फिरवलं की बंद." म्हाताऱ्या पुढे होऊन स्वतः फिरवून बघायच्या. पाणी येत नव्हतं, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. ते निवडून आल्यावर येणार असं तात्याने सांगितलंच होतं.

तिसरा उमेदवार गेणू शिंगटे. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मी काही करणार नाही, पण घरपट्टीही वाढू देणार नाही. त्याच्या सभेला सगळ्यात जास्त माणसं असायची.

डाळीला उकळी आली तशी छबूबाईने पडवीकडे पाहिलं. तिथे तिची थोरली नणंद बनाबाई भिंतीला टेकून, उजवा पाय पाटावर सोडून बसली होती. घोट्याच्या वर फोड फुटलेला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू बाहेर आलेला होता. तो एका काडीला गुंडाळलेला होता. रोज बोटभर गुंडाळायचा, जास्त नाही. घाई केली आणि आत तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर उठत नाही. बनाबाईचा हा चौथा उन्हाळा आणि चौथा नारू. बारा वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती आणि तेव्हापासून कालव्याच्या पाटाखालचा सगळा मळा तीच बघत होती. दोघं भाऊ गावाचं भलं करायला मोकळे होते ते तिच्यामुळे.

"छबू, किती माणसं आली गं जेवाय?" तिने विचारलं.

"ऐंशी आली आसतील, वन्सं."

"आन् घागरी किती आणल्या बारवेतनं?"

"मी अकरा. तिनं दहा." सिंधुबाईचं नाव न घेता छबूबाई म्हणाली.

 काडी अर्धा वेढा फिरवून बनाबाईने डोळे मिटून घेतले.

*

झुंबरमामा जेवला, हात धुतला, आणि अंगणातल्या बाजेवर बसून त्याने दोघा भाच्यांना समोर बोलावलं. नात्यातल्या कुठल्याही भांडणात मामाला बोलावणं धाडायची रीत होती. भांडण मिटायचंच असं नाही, पण मामा जेवून जायचा.

"महिपती, जोती, ऐका," मामा म्हणाला. "वरल्या आळीत मतं हायती पावणेदोनशे. त्यातली शंभरावर वाबळ्यांची. तुमी दोघं ती निम्मी-निम्मी वाटून घेनार, आन् गेणू बसल्या जागी निवडून येनार. उद्या तीन वाजेपर्यंत इंदापूरच्या कचेरीत अर्ज माघारी घेता येतो. कोन घेतो बोला."

मामाने आधी थोरल्याकडे बोट केलं.

"आबा, तू थोरला हाईस."

"म्हनूनच मी ऱ्हायलो पायजे," आबा म्हणाला.

"तात्या, तू धाकटा."

"आजवर सगळं थोरल्यानंच खाल्लंय, मामा. आता माझी पाळी."

आबाला मनापासून वाईट वाटलं. त्याचा खरोखरच समज होता की तो गावासाठी उभा आहे. वालचंदनगरचे ते दिवे पाहिल्यापासून त्याची झोप उडाली होती. वाड्यावस्त्यांवरची माणसं रात्री चिंचणगावकडे बोट दाखवून म्हणतील, तो बघा उजेड, महिपतीआबाचा! आणि त्यात पहिला खांब आपल्या दारात, दुसरा आपल्या गोठ्याशी येणार असेल तर त्यात वावगं काय? सुरुवात कुठून तरी करायलाच हवी.

"दिव्यानं पोट भरतं का?" तात्या म्हणाला. "पानी लागतं मानसाला. मी आळीत लोखंडी टाकी बांधनार. टाकीतनं नळ."

"आन् टाकीत पानी कुठनं आणनार? तुझ्या साडूकडनं?"

"कुठनं म्हंजी? बारवेतनं. इंजान बसवायचं, पानी वर खेचायचं."

"आन् त्यात नारू आला तर?"

हा प्रश्न आबाने विचारला नव्हता. पडवीतून आला होता. तिघांनीही तिकडे पाहिलं, आणि बाई मध्ये बोलल्यावर पुरुष जसे पाहतात तसं पाहून पुन्हा आपल्याकडे तोंडं फिरवली.

"आक्का, हे पंचायतीचं चाललंय," तात्या म्हणाला.

"मीबी पंचायतीचंच इचारतीया. तालुक्याचा डाक्टर गेल्या उन्हाळ्यात आलता. तुमी त्याला कोंबडं खाऊ घातलं, आन् तो काय बोलला ते मी ऐकलं. बाया पायरी उतरत्यात, गुडघाभर पान्यात हुभ्या ऱ्हाऊन घागर भरत्यात. माझ्या पायातला नारू पान्यात पिल्लं सोडतो. ते पानी सिंधू प्येली की वरीसभरानं तिच्या पायातनं नारू निघतो. पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, राहाट बसवा. पाय पान्यात गेला न्हाय की नारू गेला. रसूल गवंड्याला इचारलं मी. धा दिसांचं काम हाय म्हनला."

"बारवेच्या पायऱ्या बुजवायच्या?" आबा उठून उभाच राहिला. "आगं, आज्यानं बांधल्यात त्या. नाव हाय त्याचं दगडावर!"

नाव होतं खरं. तळच्या पायरीवर 'म्हस्कू बिन राणोजी वाबळे, शके १८१२' असं कोरलेलं होतं. पाणी आटलं की ते वर यायचं. सगळ्या चिंचणगावात दगडावर नाव असलेला म्हस्कू हा एकच माणूस होता, आणि त्या दगडाच्या जोरावर वाबळे दोन पिढ्या लग्नात पुढच्या पंगतीला बसत आले होते.

"गावकुसाभाईरच्या वस्तीचा आड बघा," बनाबाई म्हणाली. "आपन त्यास्नी बारवेवर चढू दिलं न्हाय, म्हनून त्यांनी आपला आड खांदला. त्याला पायऱ्या न्हाईत. दोर सोडून पोहऱ्यानं पानी काढत्यात. तितं एकालाबी नारू न्हाय. जाऊन बघा."

मामाचा चेहरा आंबट झाला. "म्हंजी आता वाबळ्यांनी त्यांच्याकडनं शिकायचं व्हय?"

"व्हय, मामा. त्यांचं पाय शाबूत हायती."

मामाने पानाचा डबा उघडला. विषय बदलायला तो तेच करायचा. सुपारी कातरता कातरता त्याने विचारलं, "वरल्या आळीत आणखी कुनाचा अर्ज हाय का रं? तिघांचाच?"

आबा घुटमळला. "एक डमी हाय."

"डमी म्हंजी?"

"माझ्या अर्जात काय खोट निघाली आन् बाद झाला तर हाताशी आसावा म्हनून घरातल्या मानसाचा एक जादा भरून ठिवला. समदीच भरत्यात."

"कुनाच्या नावानं?"

आबाने पडवीकडे मान हलवली. "आक्काच्या. रेशनचा कागद हाय सांगून आंगठा घेतला."

मामाने कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग झुंबरमामा हसला, आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. "आरं मग झालं की! तुमी दोघंबी माघार घ्या. बना ऱ्हाईल हुभी. म्हंजी ना तू मोठा, ना हा. कागदावर आंगठा तिचा, आन् कारभार वाबळ्यांचा."

पडवीत बनाबाईने हे ऐकलं. रेशनच्या कागदाचं तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही. गेल्या बारा वर्षांत तिने कितीतरी कागदांवर अंगठा उमटवला होता. पण अंगठा असा उलटून घेणाऱ्याच्याच डोळ्यात जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने काडी पायाला बांधून घेतली आणि भिंतीला धरून नीट बसली. आता दोघंही येणार हे तिला ठाऊक होतं.

आधी आबा आला. "आक्का, निवडून आलीस की मी सांगतो तितं आंगठा द्यायचा. पैल्या बैठकीला दिव्यांचा ठराव."

"दीन की. आन् बारवेचा कठडा?"

"बघू."

"बघू न्हाय. व्हय म्हन."

"बरं, व्हय," आबा म्हणाला. व्हय म्हणायला त्याला काही पडत नव्हतं. तिच्यापुढे त्याचं कुठलंच व्हय आजवर मोजलं गेलं नव्हतं.

तो गोठ्याकडे वळतो न वळतो तोच तात्या आला. त्यालाही पहिल्या बैठकीला नळाचा ठराव हवा होता, त्यालाही तिने कठड्याचं विचारलं, आणि त्यानेही व्हय म्हटलं, आबापेक्षा लवकर.

दुसऱ्या दिवशी एकाच गाडीत बसून दोघं भाऊ इंदापूरला गेले. बारा मैलांत एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि प्रत्येकजण मनातल्या मनात दुसऱ्याला फसवल्याच्या आनंदात होता. कचेरीतून येताना बनाबाईचं चिन्ह घेऊन आले. गेणूला छत्री मिळाली होती, तिला शिडी.

"शिडी?" बनाबाई म्हणाली. "मला कुनाला खाली उतरूच द्यायचं न्हाय, आन् ह्यांनी शिडी दिली."

*

प्रचाराला ती चालू शकत नव्हती. रसूल गवंड्याने आपली बैलगाडी दिली. रसूलच्या बायकोला, बेगमला, दोन वर्षांमागे एकदम तीन नारू निघाले होते आणि ईदच्या दिवशीही ती उठू शकली नव्हती; त्यामुळे त्याला भाषण ऐकवायची गरज नव्हती. गाडी दारोदार थांबायची. बनाबाई खाली उतरायची नाही. पाय पुढे करायची, काडी दाखवायची, आणि म्हणायची, "हे बघा. बाकी मला काय बोलता येत न्हाय." बायका जवळ यायच्या, पदर तोंडाला लावायच्या, आणि मग आपापले पाय दाखवायच्या. वरल्या आळीत धड पायाची बाई शोधून सापडली नसती. ही गोष्ट आजवर कुणी जाहीर सभेत काढली नव्हती, कारण जाहीर सभेत बायका नसायच्या.

चार दिवसांत आबाच्या आणि तात्याच्या ध्यानात आलं की आक्का खरंच बोलतेय.

आळीत लोक विचारू लागले. "आबा, म्हस्कूबाचा दगड काढनार म्हनं?" पारावर कुणी दिव्याचं नाव काढेना. तात्याचा नळ वाशावर तसाच होता, पण त्याला आता फक्त शेळ्या अंग घासत होत्या. तात्याला पहिल्यांदाच भीती वाटली. आक्का निवडून आली तर लोकांना नळ नकोच वाटेल. बारवेचं पाणी चांगलं झालं तर नळ कशाला? एवढी साधी बाब त्याच्या आधी ध्यानात आली नव्हती. पाणी वाईट असेल तरच पाण्यावर निवडून येता येतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी तो गेणूच्या मळ्याकडे गेला. सिंधुबाई तेव्हा बारवेवरून घागर घेऊन येत होती. बांधापलीकडे तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला.

"माझी वीस घरं तुला देतो, गेणू. पर बोलायचं न्हाय कुठं."

"न्हाय बोलत," गेणू म्हणाला. "पर तात्या, तुमी वीस देता, आन् काल आबा पंचवीस देऊन गेलं. आक्काला हाय तरी कोन मग?"

 सिंधुबाई डोक्यावर भरली घागर घेऊन तशीच उभी राहिली. तिला तिसरा महिना होता. सकाळीच पाण्यात उतरताना तिने खाली पाहिलं होतं आणि मनात आलं होतं, आत्ता पितेय ते पुढल्या उन्हाळ्यात निघेल, तेव्हा कडेवर पोर असेल. पोराला घेऊन पाय कसा ओढायचा याचाच ती विचार करत होती.

ती घरी न जाता उलटी बारवेवर गेली. छबूबाई तळच्या पायरीवर, पाण्यात, घागर बुडवत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच सिंधुबाई तिच्या तोंडाकडे बघून बोलली.

"जाऊबाई, तुमचं आन् आमचं, दोघंबी गेणूला मिळालं."

छबूबाईची घागर हातातून सुटून पाण्यात तिरपी झाली. "आमचंबी?"

"तुमचं काल. आमचं आत्ता."

"आन् रातीला मला म्हनत व्हतं, आक्काच्या शिडीवर शिक्का मार!" छबूबाईने घागर वर ओढली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त हसू आलं होतं. "सक्खे भाऊ! दोन म्हयने भांडून शेवटी एकाच दारात गेलं."

"काय करायचं?"

"काय म्हंजी? आळीत बाया किती हायती?"

"नव्वदच्या वर."

"मग चल. पानी ऱ्हाऊ दे आज. प्येतील ताक."

दोघींनी घागरी बारवेवरच ठेवल्या आणि दारोदार गेल्या. त्यांनी शिडीचंही नाव घेतलं नाही आणि छत्रीचंही. प्रत्येक घरात एवढंच विचारलं, की तुमच्यात बारवेचं पाणी कोण भरतं? जी भरते तिनं स्वतःच्या मनानं मत टाकावं. आत कोण बघायला येत नाही.

*

निकाल चावडीपुढे वाचला गेला. शिडी ब्याण्णव, छत्री ऐंशी.

हलगी वाजली. आबा आणि तात्या दोघंही हार घेऊन तयार होते. कोण निवडून येईल याची खात्री नसल्याने दोघांनीही एकेकच हार आणला होता, आणि आता दोघांनीही तो मोठ्या कौतुकाने बनाबाईच्या गळ्यात घातला. "आमची आक्का!" आबा म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. काही माणसांना जिंकणाऱ्याच्या बाजूचे अश्रू मनापासून येतात.

तेवढ्यात गेणू पुढे आला. तो हरला होता, पण हरल्यावर वाईट वाटून घेण्याइतकं त्याने काही केलंच नव्हतं. त्याने भर चावडीत दोघांना हात जोडले.

"आबा, तात्या, तुमी दोघांनी शब्द पाळला. तुमच्या पंचेचाळीस घरांचं उपकार मी इसरनार न्हाय. बायांनी दगा दिला, त्याला तुमी तरी काय करनार?"

हलगीवाला थांबला. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन महिन्यांत प्रथमच त्यांचं कशावर तरी एकमत झालं, ते म्हणजे गेणू शिंगट्याला चावडीतच धरून बडवावं.

बनाबाईने दोन्ही हार काढले आणि गाडीत ठेवले. "उन्हात वाळत्यात," एवढंच म्हणाली.

पण निवडून येणं सोपं होतं. पहिल्या बैठकीला सरपंचाने कठड्याचा विषय काढू दिला आणि मग म्हणाला, "बारव वाबळ्यांची हाय. दगडावर तसं लिवलंय. धन्यानं लेखी संमती दिल्याबिगर पंचायत तिला हात लावणार न्हाय." सरपंच आबाचा व्याही होता. आबाने त्याला आदल्या दिवशीच भेटून घेतलं होतं.

घरी आल्यावर बनाबाईने दोघांना पडवीत बोलावलं. "द्या संमती."

"आज्याचं नाव हाय, आक्का," आबा म्हणाला.

"नाव कुठं दिसतं तुझ्या आज्याचं? बायांच्या घोट्याला. दगड काढून कठड्यावर रस्त्याच्या तोंडाला लावते. इंदापूरची यष्टी जाताना दिसंल."

आबा विचारात पडला. पण तात्या बधला नाही. "न्हाय म्हंजी न्हाय. माझ्या नळाच्या आड येतंय ते."

"बरं," बनाबाई म्हणाली. "मग वाटनी करू. औंदा नवा कायदा झालाय. बापाच्या इस्टेटीत लेकीला वाटा हाय. पाटाखालची जिमीन बारा वर्सं मी कसली, तीच मागीन म्हनते. बारव तिच्यातच यील. मग माझी संमती मीच दीन."

तिच्या बापाला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि कायदा मागच्या मृत्यूंना लागू नव्हता. पण हे आबा-तात्याला ठाऊक नव्हतं. बनाबाईलाही नव्हतं. तिने ते बाजारात एका वकिलाच्या कारकुनाच्या तोंडून अर्धवट ऐकलं होतं आणि उरलेलं अर्ध आपल्या आवाजात भरलं होतं.

तात्याने आबाकडे पाहिलं, आबाने तात्याकडे. स्वयंपाकघराच्या दारात छबूबाई आणि सिंधुबाई खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्या दोघी बोलायला लागल्या आहेत हे दोघा भावांना तेव्हा कळलं, आणि त्या धमकीपेक्षा त्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"कुठं सही करायची?" आबाने विचारलं.

दसऱ्यानंतर रसूल गवंड्याने बारव उपसून काम धरलं. दहा दिवसांचे सतरा झाले. पायऱ्या दगड-चुन्याने बुजल्या, कमरेइतका कठडा उठला, वर सागवानी राहाट बसला. म्हस्कूचा दगड रस्त्याकडे तोंड करून लागला. पहिल्या दिवशी बायकांनी पाणी ओढलं आणि हाताला फोड आले म्हणून गेणूने आळीभर सांगितलं की आक्काच्या राज्यात पाणी महाग झालं.

पुढचा उन्हाळा वाईट गेला. नारू निघालाच. सिंधुबाईला निघाला, अंगावर सहा महिन्यांची मुलगी होती. आळीत आणखी चौदा जणींना निघाला. तात्याला गुडघ्यात निघाला. शेवटी तोही बारवेचंच पाणी प्यायचा. पारावर बैठक बसली. "कठडा बांधूनबी नारू हायच. पाडा तो. पायऱ्या तरी बऱ्या व्हत्या."

बनाबाई पारावर आली. "नारूला वरीस लागतं," ती म्हणाली. "ह्यो आदल्या साली प्यालेला हाय. पुढल्या उन्हाळ्यापोतूर थांबा. निघाला तर मी माझ्या हातानं कठडा पाडीन."

कुणी विश्वास ठेवला नाही. पण कठडा पाडायलाही उन्हात काम करावं लागलं असतं, म्हणून थांबले.

पुढल्या उन्हाळ्यात एक नारू निघाला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला, मृग निघालं. कुणाचाही पाय पाटावर आला नाही. आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. जे निघत नाही त्याची सभा भरत नाही. आळीत बायका पाणी ओढताना राहाट कुरकुरतो म्हणून तक्रार करायच्या. फक्त सिंधुबाई एकदा बनाबाईला म्हणाली, "वन्सं, औंदा मी पोरीला कडेवर घेऊन यात्रंला चालत गेले." एवढंच.

पंचायतीची नवी निवडणूक जवळ आली तसे दोघं भाऊ पुन्हा उभे राहायच्या गोष्टी करू लागले. एक दिवस छबूबाई तणतणत मळ्यात आली. बनाबाई वांग्यांना पाणी देत होती.

"वन्सं, ऐकलं का? ह्यांची सभा चाललीया बारवेवर. त्या दगडावर हात ठिवून सांगत्यात, आज्यानं बारव बांधली आन् नातवानं तिला कठडा बांधला. नारू आमी घालवला म्हनं! तात्याबी शेजारी बसून मान डोलवतोय. तुमी चला, समद्यांदेखत सांगू."

बनाबाईने मातीचं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. वाफा भरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"म्हनू दे," ती म्हणाली. "टाळ्या वाजव जाऊन. दर साली म्हनाय लाव त्याला. जवर तो त्याचा कठडा हाय, तवर त्याला कोन हात लावू देनार न्हाय."